पडदा आड येतोय!

प्रत्येक वस्तू मूळ कंपनीचीच घ्यावी, असा हट्ट धरणाऱ्या माणसांची मला मनापासून कीव येते. कॅमेरा एका कंपनीचा आहे, म्हणून त्याच्या डोक्यावर बसवायचा फ्लॅशही त्याच कंपनीचा? का म्हणून? सदऱ्याचं बटण तुटलं की आपण सदऱ्याच्या कारखान्यात जातो का? कोपऱ्यावरच्या दुकानातून बटण आणतो, लावतो आणि तोच सदरा घालून चारचौघांत छाती काढून फिरतो!

तेव्हा मी कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन ठणकावून सांगितलं, "दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा फ्लॅश दाखवा. स्वस्त असला की झालं!"

दुकानदार तसा सज्जन. म्हणाला, "साहेब, कॅमेऱ्याच्याच कंपनीचा घ्या. तो कॅमेऱ्याशी बोलतो. हा बोलत नाही, नुसता पेटतो."

"मला पेटणाराच हवाय," मी म्हटलं. "बोलणारे घरी भरपूर आहेत!"

दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो आणि फ्लॅश खिशात टाकून घरी आलो.

आता घरी बोलणारं कोण, ते सांगतो. एक माझी बायको आणि दुसऱ्या सासूबाई. सासूबाई शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाल्या आहेत. म्हणजे पगार निवृत्त झालाय, प्रयोग चालूच आहेत! लिफ्टमध्ये उडी मारली तर काय होतं, हे त्यांनी या वयात करून पाहिलंय. माझंही थोडंफार तसंच. एखादी वस्तू अशी का वागते, हे कळल्याशिवाय मला घास जात नाही. त्यामुळे आमच्या घरात बिघडलेली वस्तू थेट दुरुस्तीला कधीच जात नाही. ती आधी आमच्या दोघांच्या हाती लागते आणि मग थेट भंगारात जाते.

बायको मात्र आमच्यातली नाही. तिला वस्तू चालली की पुरे. ती घरी शिवणकाम करते. बरीच वर्षं शिवणकाम म्हणजे लोकांच्या पँटच्या कडा दुमडणं आणि उशांचे अभ्रे. मग एकदा तिने दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासाठी पडदा शिवला. त्या पडद्यासमोर गाल धरून एक बाई बसल्या होत्या. त्या निघाल्या नदीकाठच्या नव्या हॉटेलच्या व्यवस्थापक! दाढ दुखत असतानासुद्धा त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही म्हणे. त्यांनी हिचा नंबर घेतला आणि फोन करून सांगितलं, "खिडकीत लावलेल्या पडद्याचा एक छानसा फोटो पाठवा. शनिवारी पाच वाजता बैठक आहे. आमचे मालक फोटो बघून तिथल्या तिथे ठरवतात."

अख्ख्या हॉटेलचे पडदे! त्या दिवसापासून ही जेवताना पडदा, झोपताना पडदा. पिकल्या पेरूच्या पिवळ्या रंगाचं कापड तिने शोधून आणलं. पुढे पातळ जाळीचा पडदा, मागे हा जाड पडदा, असा दुपदरी थाट. चुण्या अशा सारख्या, की पट्टी लावून बघा! शनिवारी दुपारी तिने बाहेरच्या खोलीतल्या खिडकीला तो लावला, दोन पावलं मागे आली आणि नुसती बघत राहिली. मला तिचा फार अभिमान वाटला. खरंच सांगतो.

"फोनने काढते पटकन फोटो," ती म्हणाली.

"फोनने?" मी किंचाळलोच. "एवढ्या पडद्याचा फोटो फोनने? अगं, खिडकीतून मागून उजेड येतोय. पडदा काळाकुट्ट दिसेल! याला फ्लॅश हवा. पुढून उजेड मारला की एकेक टाका दिसेल!"

"नक्की?"

"तू फक्त बघत राहा!"

ती बघत राहिली. तेवढं मात्र माझं म्हणणं तिने तंतोतंत पाळलं.

मी फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर सरकवला. पडद्याच्या अगदी समोर उभा राहिलो, श्वास रोखला, बटण दाबलं. काहीच नाही! फ्लॅश पेटलाच नाही. फोटोत पडदा एखाद्या भुतासारखा उभा.

"सेल उतरले असतील," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आपली खुर्ची केव्हाच पुढे ओढली होती.

"आई, नवे सेल आणायला खाली जावं लागेल."

"खाली कशाला? घरात काय कमी आहेत?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या रेडिओतले दोन सेल काढले. एक टीव्हीच्या रिमोटमधला. चौथा मी स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळातला काढला. एखादा प्रयोग चालू असला की सासूबाई आणि मी घरातल्या कुठल्याही वस्तूची गय करत नाही.

तरीही फ्लॅश पेटेना!

"जावईबापू," सासूबाई एकदम म्हणाल्या, "हा कॅमेरा मघापासून आवाज का करत नाही?"

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. गेल्या आठवड्यात ही चुण्या मोजत असताना मी शेजारी बसून माझ्या चपलेचे फोटो काढत होतो. ती वैतागली होती, "तुमच्या त्या खटखटीने मोजणी चुकते!" म्हणून मी कॅमेरा मुका करून ठेवला होता. मी कॅमेऱ्यातली मेन्यूची यादी उघडून आवाज चालू केला, बटण दाबलं आणि धप्पकन सगळी खोली पांढरी झाली!

"पेटला!" सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. "म्हणजे आवाज बंद तर फ्लॅशही बंद! असं का बरं असेल?"

"हो ना! का बरं असेल?" मीही खुर्चीत बसलो.

"ते उद्या शोधा," बायको म्हणाली. "फोटो दाखवा आधी."

फोटो बघितला. वरचा भाग काय वर्णावा! पेरूचा रंग असा आलेला, की चावावंसं वाटेल. जाळीचा एकेक धागा मोजून घ्या. पण खाली? खालचा निम्मा फोटो ठार काळा! म्हणजे पडदा वरून निघायचा झकास, हळूहळू सावळा होत जायचा आणि मग एकदम अमावास्या.

मी आणखी तीन फोटो काढले. तिन्ही तसेच.

"तुमचा हात मध्ये येतोय," बायको म्हणाली.

मी हात लांब धरले. काळं ते काळंच!

"टेबलाची सावली असेल," सासूबाई म्हणाल्या. टेबल स्वयंपाकघरात गेलं. मग खुर्च्या गेल्या. मग त्यांच्या पाठोपाठ रेडिओ, कुंडी आणि दाराजवळची चपलांची मांडणी. खोली रिकामी झाली, पण काळं तसंच.

शेवटी मी दुकानदाराला फोन लावला. मागे गिऱ्हाइकांचा कलकलाट चालला होता.

"बोला साहेब!"

"अहो, तुमचा फ्लॅश लावला की फोटो खालून काळा येतोय."

"फ्लॅश पेटतो का?"

"लख्ख पेटतो!"

"मग पडदा आड येतोय."

मी समोर बघितलं. समोर पडदा होता खरा.

"अहो, पण मला पडद्याचाच तर फोटो काढायचाय!"

"तेच सांगतोय ना साहेब, तुम्हाला पडद्याचाच फोटो येतोय! त्याचा वेग जास्त झालाय. दोनशेच्या खाली आणा."

"पडद्याचा वेग?"

"मग काय माझा? दोनशेच्या खाली आणा, आपोआप सगळं दिसेल. हो ताई, तुम्हाला तिपाई दाखवतो, दोन मिनिटं. ठेवतो साहेब!"

मी फोन ठेवला आणि दोघींना सांगितलं, "पडदा हलतोय. त्याचा वेग जास्त आहे."

तिघांनी वर बघितलं. छताला पंखा गरगरत होता आणि खाली पडद्याची कड अगदी मंद हलत होती. बघा! शास्त्र हे असं असतं! खालचीच कड हलते, म्हणून खालचाच भाग काळा. आता सगळं जुळलं!

"दोनशेच्या खाली म्हणजे मिनिटाला दोनशे फेरे," सासूबाई म्हणाल्या. "एका पात्याला कागद चिकटवा, मी मोजते."

"आई, पंखा सरळ बंद करू या ना!" बायको म्हणाली.

"बंद केला तर शून्य होईल. त्याने दोनशे सांगितलंय."

पात्याला निळ्या कागदाचा तुकडा चिकटवला. सासूबाई मान वर करून फेरे मोजत राहिल्या. तीनदा मोजणी चुकली, कारण दर वेळी मध्येच त्यांना चक्कर यायची. मग बायकोने जाऊन पंखाच बंद केला आणि पडद्याच्या खालच्या कडेला चिमटे लावून त्यांत जड वाट्या अडकवल्या. पडदा आता हलायचं नावच घेईना.

धप्प! फोटो काळा.

मी पुन्हा फोन लावला. "पंखा बंद केला, तरी तसंच!"

"पंख्याचा काय संबंध साहेब?" दुकानदार चक्रावला. "हं, मागच्या पडद्यावर तर नाही ना ठेवलंय? काही लोक मागच्या पडद्यावर ठेवतात आणि मग ओरडतात. मागचा काढा, पुढच्यावर आणा. आणि वेग कमी करा म्हणून सांगितलं ना! ताई, ही तिपाई बघा कशी..."

फोन बंद.

"मागचा पडदा काढायचाय," मी जाहीर केलं. "नुसत्या पुढच्यावर काढायचा फोटो."

"मागचा?" बायकोचा चेहरा पडला. "अहो, मागचाच तर खरा पडदा आहे! पुढे नुसती जाळी!"

"त्याला कसं कळलं असेल, आपल्याकडे दोन पडदे आहेत ते?" सासूबाईंनी विचारलं.

या प्रश्नावर मी थांबायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण मी म्हणालो, "अनुभव आहे हो त्या माणसाला! आवाजावरून ओळखतो!"

मी स्टुलावर चढलो. कॅमेरा गळ्यात, फ्लॅश कॅमेऱ्यावर. मागचा पडदा दांडीवरून सरकवायचा, तर पुढची जाळी अडकली. मी थोडं ओढलं. बायको म्हणाली, "हळू!" मी हळू ओढलं. सासूबाई म्हणाल्या, "जरा जोरात!" मी जरा जोरात ओढलं.

आणि आमची दांडी गुल झाली! वाक्प्रचारातली नव्हे, खरोखरीची दांडी. डाव्या बाजूची खुंटी भिंतीतून सुटली, तिच्याबरोबर वीतभर गिलावा आला, जाळी टर्रकन फाटली, वाट्या खणखणल्या, मी स्टुलावरून थेट पडद्यात! आणि या सगळ्या गोंधळात माझ्या गळ्यातला कॅमेरा उलटा झाला, बोट कुठेतरी दाबलं गेलं आणि धप्प! आमच्या पतनाचा फोटोसुद्धा निघाला.

बायको वाकली, फाटलेली जाळी उचलली आणि मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती फाटलेल्या भागावरून बोट फिरवत राहिली. या पडद्यासाठी तिने किती दिवस डोळे फोडले होते, ते मला ठाऊक होतं. मला स्वतःची फार फार लाज वाटली. ती लपवायला मी कॅमेरा मोडला का ते बघायला लागलो.

आणि बघतो तर काय!

"आई," मी हळूच म्हटलं, "हे बघा."

पडताना निघालेला फोटो होता. त्यात हिचं उघडं तोंड होतं, वाटी हवेत होती, पडद्याची खालची कड होती आणि हे सगळं लख्ख! काळं होतं ते वरचं छत!

"अगंबाई!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "काळोख वर गेला?"

"कॅमेरा उलटा झाला होता."

"म्हणजे कॅमेरा फिरला, तसा काळोखही फिरला."

"म्हणजे काळोख खोलीत नाहीच!"

"काळोख कॅमेऱ्यात आहे!" सासूबाई ओरडल्या.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांचे डोळे असे चमकत होते, की फ्लॅशची गरजच पडली नसती. मी कॅमेऱ्याची पुढची काच, म्हणजे लेन्स, फिरवून काढली. आतल्या चौकोनात आम्ही दोघांनी डोकी खुपसली. वेग अगदी कमी केला, बटण दाबलं. खट्ट! एक काळा पातळ पडदा आला, तो सरकून उघडला आणि मागून दुसरा पडदा येऊन सगळं झाकून गेला.

"पडदा!" मी ओरडलो.

"दोन आहेत!" सासूबाई ओरडल्या. "पुढचा आणि मागचा!"

आता कळलं का तुम्हाला? शटर, शटर म्हणतात ना, ते म्हणजे मला दुकानाच्या शटरसारखं काहीतरी वाटायचं. एक फळी, वर गेली, खाली आली. पण ते असतात दोन इवलेसे पडदे! पुढचा उघडत जातो, मागचा झाकत येतो. वेग कमी असला, तर पुढचा पूर्ण उघडतो, मधल्या क्षणी सगळं मोकळं असतं आणि तेवढ्यात फ्लॅश पेटला की सगळं उजळतं. वेग जास्त केला, तर पुढच्याचं उघडणं पुरं होतंय तोवर मागचा निम्म्या वाटेत आलेला असतो. फ्लॅश पेटतो, पण उजेड पडतो मागच्या पडद्याच्या पाठीवर! आणि मी वेग ठेवला होता चारशे. म्हणजे सेकंदाचा चारशेवा भाग. का? तर मला वाटलं, वेग जितका जास्त, तितका फोटो चांगला!

"आणि आवाज बंद असताना हे पडदे हलतच नसणार," सासूबाई पुटपुटल्या. "म्हणून तेव्हा फ्लॅशही नाही! बघा, सगळं एकाच धाग्यात आलं!"

"पण मग कॅमेऱ्याने मला चारशे करू कसं दिलं?" मी विचारलं आणि उत्तर मलाच सुचलं. "कारण हा फ्लॅश बोलत नाही! कंपनीचा असता तर त्याने आल्याआल्या सांगितलं असतं, की मी आलोय, दोनशेच्या वर जाऊ नकोस. या कॅमेऱ्याला कळलंच नाही, की आपल्या डोक्यावर कुणी बसलंय!"

"डोक्यावर बसलेलं कळत नाही?" बायको जमिनीवरूनच म्हणाली. "सुखी आहे बिचारा."

मी तिच्याकडे वळलो. "अगं, तू ऐकलंस ना? तो दुकानदार कॅमेऱ्यातल्या पडद्याबद्दल बोलत होता! मागचा पडदा, पुढचा पडदा, सगळं कॅमेऱ्यातलं! आपला पडदा काढायची काही गरजच नव्हती!"

हे सांगताना मला एवढा आनंद झाला होता, की आपण काय सांगतोय ते सांगून झाल्यावर लक्षात आलं.

"तुमच्या अकलेवर जो पडदा आहे ना," ती शांतपणे म्हणाली, "तो आधी काढायला हवा होता! उठा आता. घड्याळात चारसुद्धा वाजले नाहीत. दांडी धरा, फोटो काढू."

भिंतीत खुंटी पुन्हा बसणं शक्यच नव्हतं. मग बायको एका स्टुलावर, सासूबाई दुसऱ्या स्टुलावर, दोघी पडद्याच्या मागे आणि दोघींच्या हातांत दांडीची दोन टोकं. जाळीचा फाटका भाग चुणीत लपवला. मी वेग शंभरावर आणला आणि बटण दाबलं.

अहाहा! काय फोटो आला म्हणून सांगू! वरपासून खालपर्यंत लख्ख! एका कोपऱ्यातसुद्धा काळं नाही! मी आनंदाने ओरडलो, "आलं! सगळं दिसतंय!"

आणि सगळं दिसतच होतं. दांडीच्या दोन्ही टोकांना दोन मुठी दिसत होत्या. पडद्याच्या खाली दोन स्टुलं आणि चार पावलं दिसत होती. भिंतीतलं खिंडार, गिलाव्याचे तुकडे, चुणीत न लपलेली फाटकी जाळी, एक लोळणारी वाटी. फ्लॅशने आपलं काम चोख केलं होतं. झाकायचं असं त्याने काही ठेवलंच नव्हतं!

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. ती एका हाताने दांडी धरून बोलली. "हो, हो बाई. पाठवतेच आहे. अजून तासभर... काय?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग आम्ही दोघांनी बघितलं. चारला दहा कमी. मघाशीही चारला दहाच कमी होते. कारण त्याचा सेल माझ्या फ्लॅशच्या पोटात होता!

"पाच वाजले," ती स्टुलावरून उतरत म्हणाली. "मालक येऊन बसलेत. आत्ताच्या आत्ता फोटो हवाय."

"हा पाठवू?" मी विचारलं.

"हा? चार पायांचा पडदा?" तिने कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि मागचे फोटो भराभर बघितले. फ्लॅश पेटलेल्या अगदी पहिल्या फोटोवर थांबली. निम्मा पेरू, निम्मी अमावास्या. पण जेवढा दिसत होता, तेवढा पडदा देखणा होता. चुण्या सरळ, जाळी अखंड. "निदान वरून तरी माझं काम दिसेल," ती म्हणाली. फोटो कॅमेऱ्यातून फोनवर घेतला, डोळे मिटले आणि पाठवून दिला.

मग आम्ही तिघं रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून राहिलो. सासूबाईंनी गिलाव्याचा एक तुकडा उचलला, पण त्यांनाही त्याचा काही प्रयोग करावासा वाटला नाही. मी म्हटलं, "माझं चुकलं." बायको म्हणाली, "माहितीये."

फोन वाजला. तिने तो आम्हालाही ऐकू येईल असा ठेवला.

"अहो, काय केलंत हे!" पलीकडून हॉटेलच्या बाईंचा आवाज आला. बायकोने ओठ आवळले. "मालक फोटो हातातून सोडायला तयार नाहीत! वर फळासारखा पिवळा आणि खाली संध्याकाळ झाल्यासारखा काळा होत गेलेला! ही काय कल्पना आहे! असा पडदा आम्ही आजवर कुठेच बघितला नाही!"

मी दोन्ही हातांनी खुणा केल्या, हो म्हण, हो म्हण! सासूबाईंनीही केल्या. पण ही बायको माझी आहे, मला तिची सवय आहे. ती खोटं बोलत नाही.

"बाई," ती म्हणाली, "खरं सांगते. पडदा काळा नाही. सगळा पिवळाच आहे. ती फोटोतली चूक आहे. यांचा फ्लॅश नीट लागला नाही."

पलीकडे कुजबुज झाली. आम्ही श्वास धरून बसलो. मला तर वाटलं, काम गेलं ते गेलंच.

"चूक आहे का?" बाई म्हणाल्या. "मालक विचारतायत, तीच चूक सगळ्या खिडक्यांना करून द्याल का?"

बायको आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. सासूबाईंनी मला मिठी मारली, जी त्यांनी माझ्या लग्नातसुद्धा मारली नव्हती. आणि मी? मी म्हटलं, "बघ! सांगितलं होतं ना, फोनने काढू नकोस!" त्यावर ती जे बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण गंमत अशी, की तसं कापड बाजारात मिळतच नाही. वर पिवळं, खाली काळं आणि मध्ये कुठे बदललं ते कळू नये असं! म्हणजे आता रंगवणं आलं. कुणी रंगवायचं? ज्याने चूक केली त्याने! पुढचे कितीतरी दिवस मी कचेरीतून आलो की बाही वर करून न्हाणीघरात. बादलीत काळा रंग, हातात पडदा. पडदा बुडवायचा आणि हळूहळू वर ओढायचा. सासूबाई शेजारी बसून वेग सांगायच्या. "जावईबापू, हळू! काळोख एकदम नको, उतरत यायला हवा!" माझे हात कोपरापर्यंत काळे झाले. कचेरीत साहेबांनी विचारलं, "काय हो, कुठे तोंड काळं करायला गेला होतात?" मी म्हटलं, "नाही साहेब, फक्त हात."

हॉटेल उघडलं, त्या दिवशी आम्हा तिघांना आमंत्रण होतं. मोठा दिवाणखाना आणि रांगेने खिडक्या. प्रत्येक खिडकीत हिचा पडदा, वरून पिवळा आणि खाली काळोखात उतरत गेलेला. लोक थांबून थांबून बघत होते. हॉटेलच्या बाई हिला हाताला धरून मालकांकडे घेऊन गेल्या. मालक म्हणाले, "या सगळ्यांचा एक फोटो काढा बुवा, पडद्यासमोर!" आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे वळल्या.

आता मी काही तो पूर्वीचा अडाणी राहिलो नव्हतो! सगळं शास्त्र मला पाठ होतं. सगळ्यांना पडद्याच्या दोन बाजूंना उभं केलं, वेग दोनशेवर आणला आणि धप्प!

फोटो बघितला. मधोमध, खाली काळं!

"एक मिनिट हं," मी म्हटलं आणि वेग शंभर केला. धप्प! काळं.

साठ केला. काळं! तीस केला. काळंच! मालकांचं हसू आता दुखायला लागलं होतं. मी सेल काढून उलटसुलट घातले. कॅमेऱ्याची काच काढून आत फुंकर मारली. हा पडदा एवढा हळू सरकतोय आणि तरी आड येतोय? का बरं असेल? मला घाम फुटला. शेवटी मी कोपऱ्यात जाऊन दुकानदाराला फोन लावला आणि दबक्या आवाजात म्हटलं, "अहो, पडदा अजूनही आड येतोय!"

तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. बायको होती.

"अहो," ती कानाशी येऊन म्हणाली, "तो पडदाच काळा आहे. तुम्हीच रंगवलाय."